शिपायाचे म्हातारपण कुणाच्या भरवशावर?

पोलिसांच्या पेन्शनसाठी आंबेडकरी माणसाने लेखणी का झिजवावी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न चुकीचा नाही. नामांतराच्या लढ्यात मराठवाड्याने पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार करून दहा जीव घेतले ते खाकी वर्दीनेच. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर वस्त्यांत धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु अन्यायाचा जाब विचारणे वेगळे आणि शिपायाच्या म्हातारपणाची भाकर हिरावली जात असताना गप्प बसणे वेगळे.

हा शिपाई येतो कुठून? नांदेड-लातूरच्या मैदानांवर पहाटे अंधारात धावणारी पोरे पाहा. भरतीची तयारी करणारी ही मुले कुणाची आहेत? कारखानदारांची नाहीत, संस्थाचालकांची नाहीत. भूमिहीनांची, ऊसतोड्यांची, आमची आहेत. घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी येते ती बहुधा शिपायाची, नाहीतर अग्निशमन जवानाची. आणि नेमक्या त्याच नोकरीतून म्हातारपणाची हमी काढून घेतली गेली.

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते लातूरचे विलासराव देशमुख. मंत्रिमंडळात नांदेडचे अशोक चव्हाण होते. दिल्लीत गृहमंत्री होते लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर. त्याआधी केंद्रात वाजपेयी सरकारने १ जानेवारी २००४ पासून हेच केले होते. म्हणजे पक्ष दोन, धोरण एक. सैन्यदलांना त्यातून वगळले. पोलीस आणि अग्निशमन जवानाला मात्र टेबलावरच्या कारकुनाच्याच रांगेत उभे केले. ज्यांनी पेन्शन बंद केली त्यांची स्वतःची पेन्शन चालूच राहिली. माजी आमदाराला दरमहा ५० हजार रुपये मिळतात!

जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळे आणि वर महागाई भत्ता. नव्या योजनेत पगारातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालते आणि तो पैसा बाजारात जातो. निवृत्त होताना साठलेल्या रकमेतील किमान ४० टक्के विमा कंपनीकडे गुंतवायचे आणि ती देईल तेवढ्यावर जगायचे. महागाई वाढली तरी ती रक्कम वाढत नाही.

पेन्शनचे मोल आमच्या चळवळीला कुणी शिकवण्याची गरज नाही. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेचे पेन्शनर होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही पेन्शनरच. पेन्शन होती म्हणून पाटलाच्या दारात हात पसरावा लागला नाही, म्हणून मान ताठ ठेवून लिहिता-बोलता आले. उलट गावात येसकरकी करणारा, रात्रभर वेशीवर पहारा देणारा आमचा पूर्वज पोलिसाचेच काम करीत होता. त्याला पगार नव्हता, निवृत्ती नव्हती, होती ती भाकर मागण्याची पाळी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते यासाठीच. राबणाऱ्याला हक्काचे दाम मिळावे, दान नको. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे.

हा हक्क मागायचा कुणी? १९६६ च्या कायद्याने पोलिसाच्या संघटना स्वातंत्र्यावर बंधने आहेत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी आवाज उठवला तेव्हा त्यांची संघटना मोडून काढली गेली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा शिपाई बंदोबस्ताला उभा होता. मागणी त्याचीही होती, घोषणा मात्र त्याला देता येत नव्हती.

संपानंतर थोडे हलले. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, पण नेमणूक नंतरची, अशांना फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. तिच्यात पूर्ण लाभासाठी २५ वर्षे सेवा हवी. पोलीस भरतीत मागासवर्गीयांची वयोमर्यादा ३३ आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी. हिशेब करा. तेहतिसाव्या वर्षी अर्ज भरणाऱ्याची भरती काही महिने रखडली तरी पंचवीस वर्षे भरत नाहीत. वयाची सवलत एका हाताने द्यायची आणि पेन्शनमध्ये दुसऱ्या हाताने काढून घ्यायची, असा हा प्रकार आहे.

अग्निशमन जवानाची अवस्था आणखी बिकट. तो राज्याचा नव्हे, पालिकेचा नोकर. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ ची, लातूरची २०११ ची. त्याचे म्हातारपण पालिकेच्या तिजोरीवर आणि वसूल होणाऱ्या घरपट्टीवर टांगलेले. कंत्राटी जवानाला तर तेही नाही. आग मात्र कायम कोण आणि कंत्राटी कोण हे पाहून भाजत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. २००५ नंतरच्या पोलीस व अग्निशमन जवानांना महागाई भत्त्यासह निश्चित पेन्शन द्या. उशिरा भरती झालेल्या मागासवर्गीयांसाठी सेवेची अट शिथिल करा. पालिकेच्या जवानांच्या पेन्शनची हमी राज्याने घ्या. आगीशी आणि पुराशी झुंजण्याचे काम कंत्राटावर देणे बंद करा.

शिपाई मोर्चा काढू शकत नाही, आम्ही काढू शकतो. नांदेड-लातूरच्या मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा. उद्या तोच शिपाई आपल्या मोर्चासमोर काठी घेऊन उभा असेल. त्याला कळू द्या की समोरची माणसे त्याच्याही हक्कासाठी रस्त्यावर उतरतात. जय भीम!