निळी खापरी

पोरं खेळताना मातीतून एखादी निळी, चकचकीत खापरी उचलून आणतात. “टाक ती बाहेर, हात कापेल,” असं म्हणून आपण ती फेकायला लावतो. बहुतेक वेळा ती फुटक्या टाइलचीच असते. पण वसई-विरारकरांनी फेकण्याआधी ती एकदा धुऊन पाहावी. आज जिथे इमारतींची दाटी झाली आहे, ते आपले सोपारे अरब लेखकांना ‘सुबारा’ या नावाने ठाऊक असलेले बंदर होते.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, गुजरातेतील संजाणला २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले. तिथे इराण-इराककडून आलेल्या निळ्या-हिरव्या झिलईच्या भांड्यांची खापरे निघाली. ती निळाई तांब्याची.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत इराणातील काशानच्या कुंभारांनी तर कमालच केली. चिन्यांसारखी पांढरीशुभ्र भांडी घडवावीत, तर तशी माती जवळ नव्हती. मग त्यांनी गारेची पूड, काच आणि पांढरी माती यांचे मिश्रण तयार केले. कुंभाराच्याच घराण्यातील अबुल कासिमने १३०१ साली त्याचे प्रमाण लिहून ठेवले आहे: दहास एक, एक. झिलई दिलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या क्षारांनी घोडेस्वार, वेलबुट्टी रंगवायची आणि धुराने कोंडलेल्या भट्टीत ते पुन्हा भाजायचे. वरची काजळी पुसली, की सोन्याची झळाळी! सोने मात्र कणभरही नाही.

‘पण हे सारे परक्यांचे, आपल्याला त्याचे काय?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर डहाणू तालुक्यातील चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६च्या ताम्रपटात आहे. तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाचा ताजिक अधिकारी पाहत होता. मधुमती म्हणजे मुहम्मद. त्याच्या अमलात फुकट नाव आणि अन्नछत्र चाले, देवीच्या मठिकेला दान मिळाले. समुद्रापलीकडून नुसती भांडी आली नाहीत. माणसे आली, रुळली, इथलीच झाली.

पाया खणताना अशी खापरे डंपरमधून भरावात जातात आणि त्यांचा पत्ताच पुसला जातो. कुठे सापडले हे कळले नाही, तर खापर मुके होते. म्हणून प्रत्येक शाळेने एक कपाट ठेवावे, मुलांनी खापरीसोबत जागा आणि तारीख लिहावी, जाणकारांना दाखवावे. दहांतल्या नऊ टाइली निघतील. निघू देत. दहावीसाठी एवढे करायला काय हरकत आहे?