मशीन म्हणालं दोन नंबर, बिल निघालं चारांचं

गेल्या आठवड्यात आपल्याच एका वाचकाने मला व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं. २६ हजार ७८ रुपयांचं. माणूस आठवडी बाजार करतो. चार वर्षं जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये मसाल्याचे पुडे भरून रोज वेगळ्या गावाला जातो. व्हॅन बंद तर त्या दिवसाचा बाजार बुडाला, एवढं सरळ गणित. त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि वर्कशॉपचं नाव मी इथे देत नाही. वर्कशॉपला लेखी प्रश्न दिलेत, उत्तराची मुदत अजून संपलेली नाही. पण बिलातल्या ओळी सगळ्यांनी वाचाव्यात अशा आहेत.

चार इग्निशन कॉइल ११,२००. चार स्पार्क प्लग २,६००. इंजेक्टर क्लीनिंग २,४००. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,५००. स्कॅनिंग ९००. मजुरी ३,५००. वर १८ टक्के कर.

तक्रार काय होती? गाडी मिसिंग करते. उभी असताना थरथरते, चढाला ओढत नाही, मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. गाडी ६० किलोमीटरवरच्या कंपनीच्या वर्कशॉपला नेली, वरचं सगळं काम झालं, बिल भरून माणूस घरी आला. पाचव्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच थरथरायला लागली. तोच दिवा, तेच धक्के.

मग ती आली आपल्या स्टँडमागच्या गॅरेजात. तिथल्या मेस्त्रींनी आणि वायरमनने मिळून दोन तासांत दोष काढला. दोन नंबरच्या कॉइलला जाणारी वायर उंदराने कुरतडली होती. वरून आवरण बरं दिसत होतं, आत तांब्याचे दोनच धागे शिल्लक. हलली की सुटायची, पुन्हा हलली की लागायची. वर्कशॉपमध्ये कॉइल काढताना-घालताना ती वायर हलली आणि चार दिवस लागून राहिली. म्हणून "दुरुस्त झाली" असं वाटलं. ११ हजारांच्या कॉइलचा त्यात काही हात नव्हता.

आता मुद्द्याचं बोलतो. मी जॉब कार्डही मागवून घेतलं. त्यावर वर्कशॉपच्याच माणसाने पेनाने लिहिलंय : पी-०३०२. हा दोषाचा कोड आहे आणि तो कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पी-०३०० म्हणजे कोणताही एक सिलिंडर ठरवून नाही, कधी हा तर कधी तो मिस मारतोय. पी-०३०१ म्हणजे एक नंबर, ०३०२ म्हणजे दोन नंबर, ०३०३ म्हणजे तीन, ०३०४ म्हणजे चार. म्हणजे मशीनने स्वच्छ मराठीत सांगितल्यासारखं सांगितलं की दोन नंबर पेटत नाही. आणि कॉइल बदलले चार.

गाडीला हे कसं कळतं, तेही सांगतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते. क्रँकजवळचा सेन्सर तिच्या फिरण्यावर नजर ठेवून असतो. ज्याची ढकल आली नाही, त्याच्या वेळेला वेग किंचित पडतो. तेवढ्यावरून गाडीचा कंप्युटर सिलिंडरचा नंबर सांगतो. पण तो सांगतो फक्त "कुठे". "का" हे त्याला माहीत नसतं. कॉइल गेला, प्लग गेला, वायर तुटली, इंजेक्टर चोकअप झाला, व्हॉल्व्ह जळला, यातलं काहीही असलं तरी कोड तोच येईल. इथून पुढे माणसाने डोकं चालवायचं असतं आणि मजुरी म्हणून आपण त्याचेच पैसे देतो.

डोकं म्हणजे काय, तर दहा मिनिटांचं काम. दोन नंबरचा कॉइल काढून तीनवर लावायचा, तीनचा दोनवर. कोड पुसायचा, गाडी चालू करायची. कोड ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. एक बदला. कोड ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष सुटला. मग तसाच प्लग अदलाबदल करून बघायचा. तरी हलला नाही तर वायर आणि कनेक्टर बघायचा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला नवा पार्ट लागत नाही, एक रुपयाचा खर्च नाही. या व्हॅनवर हे केलं असतं तर पहिल्या दहा मिनिटांतच कॉइलचे ११,२०० वाचले असते. न केल्याचा पुरावा बिलातच आहे.

आपल्याकडचे जुने मेस्त्री हेच वेगळ्या रीतीने करायचे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची टोपी काढायची. टोपी काढल्यावर इंजिन आणखी थरथरलं तर तो सिलिंडर मारतोय. काहीच फरक पडला नाही तर तोच मेला आहे. आताच्या गाड्यांत टोपीऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जात नाही. तर्क पन्नास वर्षांपूर्वीचाच आहे. एसी वेटिंग रूम आणि कॉफी मशीन असलेल्या वर्कशॉपला तो परवडत नाही, असं दिसतं.

तिथली बाजूही मी ऐकून घेतली, एका सर्व्हिस ॲडव्हायझरकडून, दुसऱ्या वर्कशॉपमधल्या. तो म्हणाला, "साहेब, एक बदलला आणि महिन्याने दुसरा गेला तर गिऱ्हाईक आमच्याच नावाने ओरडतं. म्हणून सेट टाकतो." प्लगच्या बाबतीत हे मला पटतं. चारही प्लग एकाच दिवशी बसवलेले, सारखेच झिजलेले, सेट बदलणं योग्य. कॉइलच्या बाबतीत अजिबात पटत नाही. कॉइल चांगला आहे की नाही हे अदलाबदल करून कळतं, आणि चांगला असेल तर तो काढायचं कारण काय? बरं, काढलेले चार जुने कॉइल गिऱ्हाइकाला परत दिले का? नाही. त्याने मागितले नाहीत, यांनी दिले नाहीत. नवा कॉइल घालूनही दोन नंबर पुन्हा मिस मारायला लागला, यावरून जुना चांगला असणार हे उघड आहे. आज ते चार कॉइल कुठे आहेत, हा माझ्या लेखी प्रश्नांपैकी एक आहे.

आता कट्ट्यावर चालणाऱ्या एका गप्पेबद्दल. मिसिंग म्हटलं की हल्ली एकच उत्तर मिळतं : "इथेनॉल. ई-२०." या व्हॅनलाही तिघांनी हेच निदान दिलं होतं, बॉनेट न उघडता. ई-२० बद्दल माझ्याही तक्रारी आहेत. जुन्या गाड्यांचं मायलेज घटतं हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. मूळच्या बिनइथेनॉलच्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट, असा त्यांचाच अंदाज होता. पंपावर निवड ठेवायला हवी होती, हे मी याआधीही लिहिलंय. पण विचार करा ना. टाकी एक. पंप एक. चारही सिलिंडरला पेट्रोल तेच जातं. मग एकटा दोन नंबरच का रुसला? पेट्रोल खराब असेल, त्यात पाणी असेल, तर चारही सिलिंडर आळीपाळीने मिस मारतील आणि कोड बहुधा ०३०० येईल. कोड एकाच सिलिंडरचा असेल तर दोष त्याच्याच घरात शोधायचा. सरकारवर टीका करायला माझी कधीच ना नाही, पण उंदराने खाल्लेली वायर सरकारच्या खात्यावर टाकली की वर्कशॉप अलगद सुटतं.

(पेट्रोलचा संशय असेलच तर पंपावर फिल्टर पेपर मागा. घनता दाखवा म्हणा. ५ लिटरच्या मापाने मोजून मागा. हे सगळं पंपावर असलंच पाहिजे आणि मागणं तुमचा हक्क आहे. आपल्या गावात हे मागताना मी आजवर दोनच माणसं पाहिलीत.)

हा माणूस आधीच स्टँडमागे का गेला नाही? मी विचारलं. तो म्हणाला, "बाहेर बॉनेट उघडलं की वॉरंटी जाते म्हणाले होते." वॉरंटी संपून वर्ष झालं, भीती तशीच आहे. ही भीती पेरलेली आहे, आणि तिच्यावर निकालही आलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कशासाठी? सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्यासाठी. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच रद्द करा, असंही त्या आदेशात आहे. कंपन्या अपिलात गेल्या, आणि आपल्याकडे अपिलात गेलेल्या गोष्टी कशा मुरतात ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही घेतली. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

दरम्यान आपल्या स्टँडमागच्या वायरमनकडे काय आहे? बाजारातून आणलेला स्कॅनर, जो निम्म्या गाड्यांचं अर्धंच वाचतो. आणि वायरिंगचा नकाशा? दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी मोबाईलवर काढलेला धूसर फोटो, ग्रुपवर मागून मिळवलेला. एवढ्यावर त्याने दोष काढला. कंपनीची सगळी माहिती, सगळी यंत्रं हाताशी असलेल्यांना तो निघाला नाही. तरी कंपनीचा म्हणजे तज्ज्ञ आणि स्टँडमागचा म्हणजे जुगाडू, हे आपल्या डोक्यातून जात नाही.

आणि आता थोडं तुमच्याशी. वायरमनने वायर जोडली, स्लीव्ह चढवली, उंदीर पुन्हा जाऊ नये म्हणून जाळी बांधली आणि ४०० रुपये मागितले. आपला हा वाचक, ज्याने २६ हजार मुकाट भरले होते, तो म्हणाला, "एक वायर जोडायचे चारशे?" हे त्यानेच मला हसत सांगितलं, म्हणून लिहितोय. पुडक्यातून पार्ट निघाला की आपल्याला पैसे दिल्यासारखं वाटतं. दोन तास कोणी बॉनेटमध्ये डोकं घालून विचार केला त्याचं मोल आपल्याला दिसत नाही. मग धंदेवाला काय करणार? ज्याचे पैसे मिळतात तेच विकणार. "शोधायचे पाचशे घेईन, दोष लिहून देईन, पार्ट नंतर बघू" असं म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे आपण पाठ फिरवतो.

गाडी मिसिंग करायला लागली तर एवढं करा. दिवा लुकलुकत असेल तर रेटत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, तो तापून बाद होतो, आणि त्याच्या किमतीपुढे हे बिल लहान वाटेल. परवाच इंजिन प्रेशरने धुऊन घेतलं होतं का, आठवा. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल तर वाळवूनच काम होतं. तिथे ऑइल दिसलं तर वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलंय. वर्कशॉपला विचारा : कोड काय आला, अदलाबदल करून पाहिलं का, कोड सरकला का. उत्तर जॉब कार्डावर लिहून मागा. इंजिन खोलायचं म्हणाले तर आधी चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगचा संशय, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. हे न करता कोणी "हेड उतरवावं लागेल" म्हणालं तर गाडी टोचन करून घरी आणा. काढलेले पार्ट पिशवीत घालून मागा. बिल पक्कं घ्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीचा फोन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

वर्कशॉपला दिलेले माझे तीन प्रश्न असे : कोड ०३०२ असताना चार कॉइल कोणत्या तपासणीवरून बदलले? दोष तोच कायम निघाला, तर न लागलेल्या पार्टचे पैसे परत देणार का? आणि जुने चार कॉइल कुठे आहेत? मुदत शुक्रवारपर्यंत आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकीन, नाही आलं तर तसं लिहीन.

तुमच्यापैकी कोणाकडे असं बिल असेल तर मला पाठवा. नाव छापणार नाही. फक्त जॉब कार्ड सोबत हवं, कोड दिसेल असं.