'ययाति'तली भीती आणि आमचा फळा

या लेखाचे निमित्त एक हसू आहे आणि त्या हसण्यात आम्हीही सामील होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आम्ही दोघे कोल्हापुरात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या तासाला वि. स. खांडेकरांची 'ययाति' चालू होती. फळ्यावर 'भोग', 'त्याग' आणि 'संयम' असे तीन शब्द रिवाजाप्रमाणे लिहून झाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हिला डार्क फँटसी म्हणता येईल का?" वर्ग हसला. फँटसी म्हणजे ड्रॅगन आणि तलवारी, ही जीवनदर्शन घडवणारी कादंबरी आहे, असे काहीसे उत्तर देऊन तास पुढे गेला. नंतर हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला गेला तेव्हा दुसराही हसला.

पुढे सुटीत आम्ही दोघांनीही 'ययाति' पुन्हा वाचली. या वेळी टिपणे काढायची नव्हती, विद्यार्थिदशेत वाचली होती तशी गोष्ट म्हणून वाचायची होती. वाचून संपल्यावर आमचे हसू ओसरले. प्रश्न विचारणारा बरोबर होता, आणि मराठीचे अध्यापक म्हणून आपण सारेच या कादंबरीला तिच्यातल्या भीतीपासून तोडून शिकवत आलो आहोत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. तेच येथे मांडायचे आहे.

कादंबरीत प्रत्यक्ष काय घडते ते आठवून पाहा. नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत, हा शाप कथेच्या मुळाशी आहे. थोरला मुलगा यती देहाचा आणि स्त्रीचा द्वेष करीत रानात निघून जातो. सोनेरी केसांच्या अलकेला खुद्द राजमातेच्या इच्छेने विष दिले जाते. कच मारला जातो, त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांना पाजली जाते आणि गुरूचे पोट फाडून तो जिवंत बाहेर येतो. राजवाड्याच्या पोटात भुयार आहे. ज्या राज्यात आपल्या मुलाला जागा नाही तिथून शर्मिष्ठेला पोर घेऊन पळावे लागते. आणि शेवटी एका क्षणात म्हातारा झालेला बाप मुलाकडे त्याचे तारुण्य मागतो. यातला एकही प्रसंग 'जीवनदर्शन' या शब्दाने झाकला जाईल इतका लहान नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हाला या वाचनात प्रथमच जाणवली. ययाति हा भोगवादी आहे, असे आपण वर्षानुवर्षे लिहून देतो. पण कादंबरीतला तरुण ययाति प्रथम भेटतो तो घाबरलेला. वडील मृत्युशय्येवर आहेत, ज्याने इंद्राला जिंकले तो पुरुष मरणापुढे केविलवाणा झाला आहे, आणि ते पाहून मुलगा हादरतो. मुकुलिकेच्या मिठीत तो जातो ते या भीतीतून. पुढची सगळी धाव हीच आहे. त्याची वासना ही भुकेची नाही, भयाची आहे. अंधारात एकट्या माणसाने मोठ्याने गाणे म्हणावे तशी ती आहे. हे एकदा लक्षात आले की फळ्यावरचे 'भोग', 'त्याग', 'संयम' हे शब्द उपरे वाटू लागतात. मृत्यूला घाबरलेल्या माणसाला संयमाचा उपदेश करून काय उपयोग?

मग आपण हे का शिकवत नाही? कारण आपल्या हाती 'प्रतीक' नावाचा एक सोयीस्कर चिमटा आहे. निखारा हाताला लागू न देता उचलायचा असला की चिमटा कामाला येतो. कच म्हणजे संयम, यती म्हणजे विकृत विरक्ती, ययाति म्हणजे आजचा सामान्य माणूस. असे समीकरण मांडले की शाप, संजीवनी, राख, भुयार सारे निरुपद्रवी होते. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तील 'इस्किलार'चेही आपण हेच केले. 'रूपककथा' असे लेबल लावले आणि तिच्यातला काळोख चार गुणांच्या टिपेत बसवला.

हा रोग केवळ आपलाच नाही. 'बेवूल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातून अभ्यासक इतिहास काढीत, भाषा काढीत आणि त्यातल्या राक्षसांबद्दल मात्र ओशाळून बोलत. 1936 साली ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने व्याख्यान देऊन त्यांना सुनावले की, राक्षस हे या काव्याचे व्यंग नाही, ते काव्याच्या मध्यभागी आहेत. त्या प्राध्यापकाचे नाव टॉल्किन. आमचा विद्यार्थी ज्या प्रकाराचे नाव घेत होता तो प्रकार पुढे याच माणसाच्या कादंबऱ्यांनी जगभर रूढ केला. म्हणजे वर्गात हसण्यासारखे जे होते ते मुळात एका अध्यापकाच्या टेबलावरूनच आलेले होते.

आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, खुद्द खांडेकरांनाच ही कथा आधुनिक माणसाची म्हणून सांगायची होती. मान्य आहे. आणि आमचे भांडण इथेच, आदर राखून, खांडेकरांशीही आहे. महाभारतातला ययाति पुरूचे तारुण्य घेतो ते हजार वर्षांसाठी. एवढा काळ भोगूनही तृप्ती नाही, हे त्याला कळते ते त्यानंतर. खांडेकरांच्या ययातीला पश्चात्ताप व्हायला वेळ लागत नाही, आणि कचाच्या तपःसामर्थ्याने पुरूचे तारुण्य परत मिळते. वाचकाच्या अंगावर काटा येतो न येतो तोच लेखक त्याच्या पाठीवर हात ठेवतो. विष भिनण्याआधीच उतारा तयार आहे. 1959 साली ही कादंबरी आली. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, गिरीश कार्नाड या तरुण लेखकाचे 'ययाति' हे कन्नड नाटक आले. त्याने पुरूला एक नववधू दिली, चित्रलेखा. नवरा म्हातारा होऊन समोर आला आहे आणि त्याचे तारुण्य सासऱ्याच्या अंगावर आहे. ही मुलगी आत्महत्या करते. तिथे कोणी कच धावून येत नाही. खांडेकरांनी दार उघडले आणि आतला अंधार पाहून दिवा लावला. कार्नाडांनी दिवा लावला नाही. साहित्य अकादमी पुरस्कार आणि मराठीतले पहिले ज्ञानपीठ मिळवणाऱ्या लेखकाबद्दल असे म्हणणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. विशेषतः ज्या गावात त्यांनी 1938 पासून अखेरपर्यंत वास्तव्य केले, जिथल्या विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे, त्या गावात. पण ज्याच्याशी भांडता येत नाही तो लेखक केवळ पुतळा होतो.

दुसरा आक्षेप नावाचा. परकीय लेबल आपल्या कलाकृतीला कशासाठी? आम्हालाही त्या लेबलाचा सोस नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे रस शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीला बसलेले आहेत. मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) यांसारख्या अद्भुतरम्य कथांनी गाजली. मग हरिभाऊ आपटे आले, वास्तव आले आणि अद्भुताला आपण कादंबरीचे बाळपण ठरवून पाळण्यात ठेवून दिले. हरिभाऊ थोर आहेतच. पण त्यांच्या थोरपणासाठी अद्भुताला कायमचे लहान ठेवण्याची गरज नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ग्रामीण भागातून येणाऱ्या आमच्या मुलांना वास्तवाचे भान हवे, अद्भुताची पळवाट नको, असे सहकारी कळकळीने सांगतात. त्यांना आमचे उत्तर एवढेच, की आपल्या वर्गावर एकदा नजर फिरवा. चंदगड, गगनबावडा, राधानगरीकडून पहाटेची एस.टी. पकडून येणाऱ्या मुलांत बापाच्या कर्जासाठी, बापाच्या प्रतिष्ठेसाठी, बापाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेसाठी आपली वर्षे देऊन टाकलेले पुरू कमी नाहीत. मुलींचे तर विचारूच नये. एका पिढीने दुसरीचे तारुण्य मागणे आणि मागितलेले मिळणे, हे त्यांना अद्भुत वाटत नाही. शाप या शब्दाखेरीज ज्याला दुसरा शब्द नाही असे काही घरात असते, हे त्यांना ठाऊक असते. त्या मुलांना 'भोगवादाचे दुष्परिणाम स्पष्ट करा' असे सांगणे, ही खरी पळवाट.

असो. नुसती टीका करून थांबू नये, म्हणून आम्ही आमच्यापुरता एक बदल केला. पुढच्या खेपेला अंतर्गत मूल्यमापनात एकच प्रश्न दिला : 'ययाति' वाचताना तुम्हाला भीती कोठे वाटली? पृष्ठक्रमांक द्या आणि कारण लिहा. बहुतेकांनी अलकेचे मरण निवडले. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले, "पुरू हो म्हणाला तिथे. मला वाटले होते, तो नाही म्हणेल." खाली कारण लिहिलेले नव्हते. नियमाप्रमाणे उत्तर अपुरे होते. आम्ही पूर्ण गुण दिले.

सहकारी अध्यापकांचे मतभेद असतील, असायलाच हवेत. ते जरूर मांडावेत. विनंती एवढीच, की त्याआधी टिपणे बाजूला ठेवून कादंबरी एकदा पुन्हा वाचावी, आणि शक्य तर रात्री वाचावी.