पिवळी चिठ्ठी आणि प्रतीक्षाधीन गठ्ठा

गेल्या महिन्यात भिलाईला, जुनवानी येथे, धाकट्या बहिणीकडे आठ दिवस मुक्काम होता. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून जी मराठी कुटुंबे या भागात आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांपैकी हे एक. माझी भाची तिथल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. एके संध्याकाळी तिच्या संगणकाकडे सहज लक्ष गेले. पडद्यावरचे मूळ चित्र कोणते ते दिसतच नव्हते. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चौकोनी चिठ्ठ्यांनी तो भरून गेला होता. मी मोजल्या, 37 निघाल्या.

"मामा, यामुळे मी काहीच विसरत नाही," ती अभिमानाने म्हणाली. मी एका चिठ्ठीवर बोट ठेवले. तिच्यावर लिहिले होते: "सर - तेच काम - उद्या." कोणते सर, कोणते काम आणि कोणत्या दिवसानंतरचा उद्या, हे तिला सांगता येईना. ती हसली. मला मात्र पुरते हसता आले नाही, कारण अशा एका चिठ्ठीचा हिशेब माझ्याही नावावर आहे.

ही 2011 सालची गोष्ट. मी एका जिल्ह्यात काम करीत असताना दिवंगत शिपायाची पत्नी माझ्याकडे आली. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण अडले होते, कारण नवऱ्याने पूर्वी दुसऱ्या कार्यालयात केलेल्या तीन वर्षांच्या सेवेची पडताळणी सेवापुस्तकात नोंदवलेली नव्हती. काम अगदी साधे होते. त्या कार्यालयाला एक पत्र आणि पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र, एवढेच. बैठकीला निघण्याची घाई होती. संगणकावर तेव्हा नव्यानेच आलेल्या स्टिकी नोट्सची मला मोठी हौस होती. मी तिच्यासमोरच एक पिवळी चिठ्ठी उघडली, नाव आणि विषय टंकित केला आणि म्हणालो, "बाई, लिहून घेतले आहे. काळजी करू नका." ती हात जोडून गेली.

पत्र एकदा गेले, उत्तर आले नाही. चिठ्ठी पडद्यावर तशीच राहिली आणि काही दिवसांनी मला ती दिसेनाशी झाली. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू दिसेनाशी होते, हा अनुभव भिंतीवरचे जुने कॅलेंडर पाहणाऱ्या प्रत्येकाला असेल. पुढच्या मे महिन्यात माझी बदली झाली. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत संचिका होत्या, कपाटांच्या किल्ल्या होत्या, धनादेश पुस्तके होती. चिठ्ठ्या नव्हत्या. त्या माझ्या लॉगिनमध्ये होत्या आणि नंतर कोणीतरी तो संगणक साफ करून दुसऱ्याला दिला. बदलीनंतर चौदा महिन्यांनी ती बाई कापडी पिशवी घेऊन, दोन बस बदलून माझ्या नव्या कार्यालयात आली. तिचा प्रश्न एकच होता: "साहेब, तुम्ही लिहून घेतलं होतं ना?"

मी लिहून घेतले होते हे खरे. पण ते कार्यालयाने लिहून घेतलेले नव्हते. या दोहोंतील अंतर काय, ते वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला त्या दिवशी कळले. विशेष म्हणजे आमच्या प्रशासनात त्यावरचा उपाय कधीच सांगून ठेवलेला होता.

चिकटणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांची कथा अनेकांनी वाचली असेल. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 साली एक कच्चा गोंद तयार केला. तो चिकटे, पण सहज सुटून येई. पुढे आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातील खुणेचे कागद सारखे गळून पडतात म्हणून त्याचा उपयोग सुचला आणि 1980 साली पोस्ट-इट अमेरिकाभर विक्रीला आले. सुटून येणे हाच त्या चिठ्ठीचा गुण. जवळपास त्याच सुमारास, 1980च्या दशकाच्या आरंभी, तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना आपल्या कार्यालयातील कागदांचे ढिगारे उपसत होते. त्यातून पुढे लखिना पॅटर्न या नावाने ओळखली गेलेली पद्धत उभी राहिली आणि तिच्यातील सहा गठ्ठे महाराष्ट्रातील प्रत्येक कारकुनाला पाठ झाले.

कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असलाच पाहिजे: निर्णयासाठी प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. सातवा गठ्ठा नाही, आणि "असू दे इथेच" असा तर नाहीच नाही. यांतील प्रतीक्षाधीन गठ्ठा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपण आपले काम केले आहे, आता उत्तर दुसऱ्याकडून यायचे आहे, असे कागद त्यात जातात. सरकारी कामातला बहुतेक विलंब इथेच दडलेला असतो, कारण या कागदांबाबत कोणालाच अपराधी वाटत नाही. म्हणून या गठ्ठ्यातील प्रत्येक प्रकरणाला पुढची तारीख द्यायची आणि त्या तारखेला स्मरणपत्र काढायचे. शिवाय कार्यविवरण नोंदवही असते आणि तिचा आठवडी गोषवारा वरिष्ठापुढे जातो. म्हणजे कारकून विसरला तरी नोंदवही विसरत नाही, आणि कारकून बदलून गेला तरी ती टेबलावरच राहते. त्या बाईचे प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात असते, तर माझ्या बदलीने तिचे काहीही बिघडले नसते.

याचा अर्थ संगणकावरील चिठ्ठ्या वापरू नयेत असा नाही. मी आजही वापरतो. आता त्या खात्याशी जोडल्या तर दुसऱ्या संगणकावर, मोबाइलवरही उघडतात. माझी तक्रार एवढीच, की त्या तरीही माझ्याबरोबर येतात, खुर्चीबरोबर राहत नाहीत. सभेला कोणता तक्ता न्यायचा, कोणाला फोन करायचा, घरी जाताना कोणते औषध घ्यायचे, यांसाठी त्या उत्तम. विसरलो तर नुकसान माझे. पण ज्या कामात दुसऱ्याचा हक्क गुंतला आहे, ते संध्याकाळपर्यंत चिठ्ठीवरून नोंदवहीत गेलेच पाहिजे.

चिठ्ठीची दुसरी बाजू अधिक काळी आहे. ज्या आदेशावर सही करायला साहेब धजत नाहीत, तो संचिकेला पिवळ्या चिठ्ठीने चिकटून येतो, खालचा अधिकारी तसे करतो आणि चिठ्ठी अदृश्य होते. सुटून येण्याचा गुण इथे भलत्याच कामी येतो. 31 ऑक्टोबर 2013 रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवले गेले पाहिजेत, असे सांगितले. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मधील माहितीच्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्लेही येतात. पण जे काढून टाकले ते मागायचे कोणाकडे?

या दृष्टीने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीतली एक गोष्ट मला फार आवडते. तिच्यात टिप्पणी दोन रंगांत लिहिता येते. पिवळी टिप्पणी कच्ची असते, ती बदलता येते, टाकूनही देता येते. ती कायम केली की हिरवी होते आणि मग तिला हात लावता येत नाही. मनात घोळणारा विचार आणि नोंदवलेला विचार यांना दोन जागा दिल्या आहेत, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची क्रिया कोणीतरी हेतुपूर्वक करावी लागते. माझ्या 2011च्या चिठ्ठीला हिरवे होण्याची वाटच नव्हती.

त्या बाईचे निवृत्तिवेतन पुढे थकबाकीसह मंजूर झाले. त्यासाठी मी काही मोठे केले नाही. जुन्या सहकाऱ्याला सांगून दोन पत्रे आणि एक फोन, बस्स. तेवढ्यासाठी तिने इतके दिवस कसे काढले हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

हे सारे मी जुनवानीत भाचीला सांगितले. ती गप्प बसून ऐकत होती. मग एक वही काढून चिठ्ठ्या एकेक वाचू लागली. बऱ्याचशा जुन्या निघाल्या, त्या पुसल्या. नऊ प्रकरणे विद्यार्थ्यांची होती, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाचे स्थलांतर प्रमाणपत्र. ती तारखेसह वहीत गेली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या नोंदवहीत चढली. "सर - तेच काम - उद्या" ही चिठ्ठी मात्र मी परत निघालो तेव्हाही पडद्यावर होती. कोणते काम ते अजून आठवायचे होते.