तोट्यातला नाद
जुने जपानी स्पीकर जमवणारा घरच्यांना छांदिष्ट वाटतो. पण या नादामागे हिशेब आहे. १९७४ साली यामाहाने ‘एनएस-१०००एम’मध्ये ॲल्युमिनियमहून हलक्या बेरिलियमचे घुमट बसवले, आवाज पारखण्यासाठी स्वीडिश रेडिओनेही तो स्वीकारला. १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांत ५९,८०० येनांच्या स्पीकरची चढाओढ लागली. किंमत तीच, वजन मात्र वाढते! १९८५च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, व्याजदर उतरले, तेजीचा फुगा फुगला आणि १९९०पासून फुटू लागला. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कोण चालवणार? आज तो घुमट फुटला तर नवा मिळणे दुरापास्त. म्हणून दोन जोड्या शेजारी मांडून ऐकणारा संग्राहक आवाजाबरोबर एका सढळ काळाचीही पारख करीत असतो. तो काळ कर्जावर उभा होता, हेही त्याने विसरू नये.