रांगेत शेवटी उभं राहणाऱ्याचं मत

एरवी मी इथे जुन्या बडोद्याविषयी लिहितो. आज विषय लांबचा आहे, पण आपल्यातल्या कितीतरी घरांची मुलं तिकडे असल्याने अगदीच परका नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी.

४ जून २०२४ आठवतो ना? आपण सगळे टीव्हीला चिकटून लोकसभेची मतमोजणी बघत होतो. त्याच तारखेला न्यू जर्सीत प्रायमरी होती आणि माझी थोरली लेक तिथलं पहिलं मत देणार होती. त्या मतासाठी तिने भारतीय पासपोर्ट परत केला होता, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पासपोर्ट गेल्याचं कळलं त्या रात्री तिची आई नीट जेवली नाही. आणि एवढं करून हाती काय आलं? बायडन आणि ट्रम्प, दोघांनीही उमेदवारीला लागणारे प्रतिनिधी १२ मार्चलाच गाठले होते. पोरगी तरीही मत देऊन आली. स्वभाव आमच्याकडचाच!

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी ठरवायचा. राज्यं एकामागून एक मत देतात, त्यातून प्रतिनिधी मिळतात, बहुमताइतके जमले की उमेदवारी पक्की. कल्पना उत्तम आहे. १९६८ मध्ये हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅट उमेदवार झाले, त्यावरून रान पेटलं आणि मग नियम बदलले. माझी तक्रार फक्त क्रमाबद्दल आहे.

मी बँकेत काउंटरवर होतो तेव्हा पितळी टोकनं असत. पहिल्या दहा टोकनांना पैसे देऊन खिडकी बंद केली असती, तर लोकांनी मॅनेजरची केबिन डोक्यावर घेतली असती. तिथे हेच घडतं. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात कडाक्याच्या थंडीत सुमारे १ लाख १० हजार रिपब्लिकन मतदारांनी कौल दिला. आठवड्याच्या आत रामस्वामी आणि डिसँटिस दोघेही मैदानाबाहेर. आयोवाची वस्ती ३२ लाखांच्या आसपास, न्यू जर्सीची ९० लाखांवर, पण निवड कुणाला मिळाली? २०१६ मध्ये तर कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी मत देणार त्याच्या आदल्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने क्लिंटनबाईंचं बहुमत झाल्याचं जाहीर करून टाकलं.

सकाळच्या कमाटीबागेतल्या मंडळीत हे बोललो, तर एक मित्र म्हणाले, "अहो, त्यांना निदान विचारतात तरी. आपल्याकडे तिकीट वरून येतं." खरं आहे, त्यात वाद नाही. पण आपण सात टप्प्यांत मतदान करतो, १९ एप्रिल ते १ जून, आणि मोजणी सगळ्यांची एकाच दिवशी. शेवटचा टप्पा होईपर्यंत एक्झिट पोललासुद्धा बंदी. सातव्या टप्प्यातल्या माणसाच्या मताची किंमत पहिल्याएवढीच राहते. हे आपण नीट सांभाळलंय, त्याचं कौतुक कुणी करत नाही.

तिकडे सगळी मतं शेवटी मोजा म्हणणंही बरोबर नाही. छोट्या राज्यातून सुरुवात झाली म्हणून कार्टरसारखा फारसा माहीत नसलेला माणूस १९७६ मध्ये पुढे येऊ शकला. खिशात फार पैसा नसलेल्या उमेदवाराला एकदम पन्नास राज्यांत जाहिराती कशा परवडणार? म्हणून सुरुवात छोटी असू द्या, पण दर खेपेला तीच नको. तिथल्या राज्यसचिवांच्या संघटनेने १९९९ मध्येच सुचवलं होतं: देशाचे चार विभाग करा, एकेका महिन्यात एकेक विभाग, आणि पुढच्या निवडणुकीत क्रम फिरवा. आपल्या भिशीतल्या बायकांनाही कळेल इतकं सोपं.

अडतं कुठे? न्यू हॅम्पशायरने स्वतःच्या कायद्यातच लिहून ठेवलंय की पहिली प्रायमरी आमचीच. डेमोक्रॅट पक्षाने २०२४ साठी साऊथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, तरी न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीला मतदान उरकून घेतलं. पक्षाने प्रतिनिधी कापायची धमकी दिली, शेवटी अधिवेशनात बसवलेच. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगनने घाई केली तेव्हाही असंच, आधी शून्य, मग अर्धं मत, मग पूर्ण. थकलेल्या कर्जदाराला दरवेळी दंड माफ केला, तर पुढचा हप्ता वेळेवर कोण भरेल?