इसारापासून उताऱ्यापर्यंत



मागच्या महिन्यात विहारातली वंदना आटोपल्यावर एक तरुण जोडपे माझ्यापाशी येऊन बसले. दोघेही नोकरीला, जळगावात पिंप्राळ्याकडे भाड्याने राहतात. एक जुने घर त्यांच्या पसंतीस उतरले होते. मालकाचे म्हणणे, "उद्या पन्नास हजार इसार द्या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक बसलेलेच आहे." ताईंनी विचारले, "दादा, देऊन टाकू का?" मी म्हणालो, "ताई, आधी कागद, मग पैसा."

हे मी पुस्तकात वाचून सांगितले नाही. १९९२ साली मी सातवीत होतो. वडिलांनी धुळ्यात दोन खोल्यांचे घर ठरवले आणि पै-पै करून जमवलेले दहा हजार रुपये मालकाच्या हातावर ठेवले. पावती नाही, साक्षीदार नाही. आठ दिवसांनी मालकाला आमची वस्ती कोणती, ते कळले. घर द्यायचे नाही म्हणाला, आणि पैसे घेतल्याचेही नाकारले. त्या रात्री आई जेवली नाही. जातीचा डंख तर होताच, पण हातात एक कागद असता तर वडिलांना निदान दाद मागता आली असती.

म्हणून सांगतो, घर आवडले की प्रथम उतारा मागा. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, शेतजमिनीवर पडलेला प्लॉट असेल तर सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश. वतनाची किंवा भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते का, ते आधीच तपासा. नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर मालकी सिद्ध होत नाही. मग वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध घ्या. म्हणजे घरावर कुणाचे कर्ज किंवा आधीचा करार आहे का, ते समजते. वकिलाची फी जड वाटते, पण बुडालेल्या इसारापुढे ती काहीच नाही.

भाव करताना लाजू नका. छत गळते का, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल थकले आहे का, हे पाहून आपला आकडा सांगा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी तक्त्यातली किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. तेव्हा हिशेबात तोही खर्च आधीच धरा.

इसार द्यायचा तो चेकने, आणि लेखी. ठरलेली किंमत, इसाराची रक्कम, खरेदीची मुदत आणि उताऱ्यात दोष निघाल्यास पैसे परत, ही कलमे त्यात असू द्या. बँकेचे कर्ज काढणार असाल तर कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत, हेही लिहून घ्या. त्याहून पक्के म्हणजे नोंदणीकृत साठेखत. मात्र साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार साठेखताने मालकी मिळत नाही, ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच मिळते. मुखत्यारपत्रावर घर "विकत" घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, तशा व्यवहाराने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. खरेदीखतावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला सादर करावे लागते.

खरेदीखत झाले, पेढे वाटले, म्हणजे संपले असे पुष्कळांना वाटते. पण उताऱ्यावर आपले नाव लागेपर्यंत, घरपट्टी आणि वीजमीटर आपल्या नावे होईपर्यंत काम अर्धेच असते. शिवाय घर ज्या कामासाठी घेतले, त्याला परवानगी आहे की नाही, हाही प्रश्न उरतोच.

याचा दाखला बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घराने दिला आहे. १० किंग हेन्रीज रोड, या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले. २०१४ मध्ये ते विक्रीस निघाले, तेव्हा तिथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने सरकारकडे धाव घेतली. इंग्लंडमध्ये तोंडी होकार मिळाला तरी दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत सौदा कुणालाही बांधील नसतो. अखेर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घर विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. तरीही ते घर तिथल्या दप्तरी राहण्यासाठीचे होते. संग्रहालय म्हणून वापरण्याची परवानगी कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. एका राज्याच्या शासनाला घर घेतल्यावर जवळपास पाच वर्षे झगडावे लागले. मग तुम्ही-आम्ही कागद तपासायला आठ दिवस घेतले तर काय बिघडले?

आता त्या जोडप्याचे सांगतो. उतारा काढला तर त्यावर मालकाचे नव्हे, त्याच्या वारलेल्या वडिलांचे नाव निघाले. दोन बहिणी, एक भुसावळला आणि एक सुरतला. त्यांच्या सह्यांशिवाय खरेदी घेतली असती तर पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली असती. मालक आधी चिडला, मग वारसनोंद करायला तयार झाला. दुसरे गिऱ्हाईक काही आले नाही.

घर कुणाच्या नावे घ्यायचे, असे त्यांनी शेवटी विचारले. मी म्हणालो, ताईंच्या नावे घ्या. २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. स्त्रियांना मालमत्तेत हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांच्या लेकीचे नाव उताऱ्यावर लागावे, यात आपल्या घराची शोभा आहे.

माझ्या आईचे नाव कुठल्याच उताऱ्यावर लागले नाही. तुमच्या घरी तसे होऊ देऊ नका.

जयभीम!